पाहुणा नावाचा घोडा

४ नोव्हेंबर

ती. मावशी,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझा नियम मला पाठ आहे. फोनवर माणूस घाईघाईत हो म्हणून मोकळा होतो, कागदावर खोटं लिहायला मात्र नीट बसावं लागतं. तर मी नीट बसले आहे. मी घोडा घेतेय. म्हणजे घ्यावा असं मनात आहे आणि तुझं मत हवंय.

थरोब्रेड आहे, अस्सल शर्यतीच्या रक्ताचा. कुमैत, म्हणजे काळपट तांबडा रंग, कपाळावर पांढरा ठिपका. शर्यतीत फार काही दिवे लावले नाहीत म्हणून लवकर बाहेर पडला आणि आता अडथळ्यांच्या दांड्यांवरून उड्या मारतो. टेकडीवरच्या जुन्या तबेल्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आहे. थोडे दिवस ठेवतो म्हणून आणला आणि मग गेलाच नाही, म्हणून तिथे सगळे त्याला पाहुणा म्हणतात. विक्रीचं सगळं त्यांची मुलगी बघते. शाळेत शिकवते, स्पष्ट बोलते. किंमत मला झेपेल अशी आहे.

मी एकदा बसून पाहिलं. मावशी, शर्यतीचा घोडा इतका शांत असतो हे मला माहीतच नव्हतं. रिकिबीत पाय घातला तरी हलला नाही. दांड्यांवरून असा गेला की मला वाटलं, उडी अजून व्हायचीच आहे.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घोड्यांवर बसले. लोकांच्या दातांच्या कवळ्या बनवून बनवून बोटं दुखायला लागली. एखादा तरी घोडा माझा असावा, आणि उन्हाळ्यातल्या स्पर्धेत मी त्याच्यावर बसून उतरावं, एवढंच. तुला काय वाटतं?

तुझी बारकी


११ नोव्हेंबर

बारके,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा आनंद वाचला, दुसऱ्यांदा घोडा. घोडा मला आवडला नाही.

शर्यतीच्या रक्ताचा घोडा अनोळखी बाईने रिकिबीत पाय घातल्यावर हलत नाही. कान तरी मागे करतो, शेपूट तरी झटकतो. तुझा हा पाहुणा एक तर थकवून ठेवला होता, नाही तर त्याला काहीतरी पाजलं होतं. आणि झेपणारी किंमत म्हणतेस. चांगला घोडा झेपत नाही गं कुणाला. स्वस्त असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय असं धरून चालायचं.

आता मी सांगते तसं कर. न सांगता जा. ते घोडा बाहेर काढायच्या आत तू तिथे पाहिजेस. चारही पायांवरून हात फिरव, गुडघ्याखाली कुठे गरम लागतंय का बघ. दात बघ. ते तुला शिकवायला नको, माणसांच्या दातांवरच तुझं पोट आहे. लगाम धरून विहिरीकडच्या उतारावरून खाली चालव. वर चढताना सगळेच बरे दिसतात, पाय चोरणारा घोडा उतरताना सापडतो. आणि डॉक्टर तू ठरव, त्यांनी सुचवलेला नको.

म्हाताऱ्याशी जास्त बोलू नकोस. घोडे विकणारी माणसं बोलायला फार गोड असतात.

तुझे काका विचारतात, स्पर्धा कधी आहे. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. उगाच काळजी करत बसतील.

मावशी


२० नोव्हेंबर

ती. मावशी,

गेले होते, न सांगता. दुपारी सुट्टी टाकून गेले, त्यांची मुलगी शाळेतून आली त्याच वेळी. घोडा त्याच्या खणात उभा होता. मी पायांवरून हात फिरवला, सगळे थंड. मग पाठीवर हात ठेवला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. खोगिराच्या जागेवरचे केस ओले करून वाळवल्यासारखे चिकटलेले होते. पोटपट्ट्याची रेघ स्पष्ट दिसत होती.

मी विचारलं, "आज कुणी बसलं होतं का याच्यावर?"

मुलगी म्हणाली, "छे, तुम्ही बसलात त्यानंतर कुणीच नाही."

म्हातारा खणाच्या दाराशी उभा होता. त्याने लगेच खरारा उचलला आणि नेमकी तीच जागा घासायला लागला. मुलीने पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं. मावशी, तू म्हणालीस ते खरं असणार. कुणीतरी येणार असेल तर आणि नसेल तरी ते घोड्याला दमवून ठेवतात. पण कशासाठी? पहिल्या अर्ध्या तासात तो नेमकं काय करतो, जे मी बघू नये?

उतारावरून चालवलं. सरळ उतरला. दात त्यांनी सांगितलेल्या वयाशी जुळतात.

आणखी एक. घरी आल्यावर तुझं पत्र पुन्हा काढलं. विहिरीकडचा उतार, असं तू लिहिलंयस. तिथे विहीर आहे, तबेल्याच्या मागे, आणि तिच्याकडे उतारही आहे. पण मी पहिल्या पत्रात विहिरीचं नावही काढलं नव्हतं.

बारकी


२६ नोव्हेंबर

बारके,

तबेला म्हटला की पाणी लागतं आणि पाणी म्हटलं की विहीर. त्यात शोध लावण्यासारखं काही नाही.

घोडा सोडून दे. दुसरा मिळेल. पाठ ओली आणि म्हातारा घासतोय, यापुढे तुला आणखी काय पुरावा हवा? बाप लपवतोय, मुलीला ठाऊक नाही म्हणतेस. मला वाटतं दोघांचं संगनमत आहे. एकाने स्पष्ट बोलायचं, दुसऱ्याने गप्प राहायचं, म्हणजे गिऱ्हाईक स्पष्ट बोलणाऱ्यावर विश्वास ठेवतं.

तरीही तुझा हट्ट असेलच, तर पहाटे जा. उजाडायच्या आत त्याच्या खणासमोर जाऊन बस आणि घोडा कुणाला बाहेर काढू देऊ नकोस. थंड घोडा, थंड पाय, पहिली पावलं. त्यात सगळं कळेल. पण नाहीच गेलीस तर मला जास्त बरं वाटेल.

मावशी


९ डिसेंबर

ती. मावशी,

पहाटे गेले. फाटक उघडंच होतं. चाऱ्याच्या शेडच्या आडोशाला गाडी लावून आत बसून राहिले. म्हटलं, दमवायला कोण येतं ते एकदा डोळ्यांनी बघावं.

म्हातारा आला. अंगात जुना स्वेटर, पायात बूट. खोगीर त्याने दोन वेळा टेकवत टेकवत आणलं. घोड्याला दगडाशी उभं केलं आणि त्या दगडावर चढून तो वर बसला. त्याला बसायला इतका वेळ लागला की मी दोनदा गाडीचं दार उघडून मदतीला जाणार होते. आणि तो घोडा, मावशी, हलला नाही. शेपूटसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की तो शांत उभा राहायला कुणाकडून शिकलाय.

खाली चालताना माणूस वाकलेला होता, वर बसल्यावर सरळ झाला. मैदानात दोन फेऱ्या दुडकीने, मग चार दांडे. अगदी खालचे, पण सुरेख. मी खाली उतरून कठड्याशी जाऊन उभी राहिले. त्याने मला पाहिलं आणि लगाम आखडला.

"मुलीला सांगू नका," हे त्याचं पहिलं वाक्य.

मी म्हटलं, "मी घोडा बघायला आले आहे, चुगल्या करायला नाही. पण पाठ का ओली असते ते मला कळायला हवं."

मग त्याने सांगितलं. हृदयाचा त्रास आहे, डॉक्टरांनी बसायला बंदी केली आहे. मुलीने घोडा विकायला काढला तो त्यासाठीच, म्हणून किंमतही तिने उतरवली. तो रोज ती उठायच्या आत बसतो, आणि ती शाळेत गेली की कधी कधी पुन्हा. "खोट घोड्यात नाही," तो म्हणाला, "माझ्यात आहे."

मग मला म्हणाला, आलाच आहात तर बसा. मी बसले. पहिल्या उडीनंतर त्याने हात वर करून थांबवलं आणि विचारलं, "दांड्याकडे येताना मानेवर दोन बोटं टेकवता, हे कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, मावशीने.

त्याने तुझं नाव घेतलं. मी सांगायच्या आधी. आणि विचारलं, "त्या आता चालतात का?"

मी सांगितलं की काठी लागते, पण चालते, आणि मला शिकवलं तेही काठी टेकूनच. तो बराच वेळ घोड्याची आयाळ बोटांनी विंचरत राहिला.

मावशी, तू त्याला ओळखतेस. त्याचा तबेला, त्याची विहीर, सगळं ओळखतेस. मग मला का नाही सांगितलंस? तू घोड्यावर संशय घेत होतीस की माणसावर?

बाकी विशेष काही नाही.

बारकी


१५ डिसेंबर

बारके,

माणसावर.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट. मी त्याच्याकडून घोडी घेतली होती. राखाडी, उंच, तिच्याइतकी सुंदर घोडी मी नंतर पाहिली नाही. नवीन लग्न झालेलं होतं. तुझे काका बरोबर आले होते. त्यांना घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी खूश म्हणून तेही खूश. पुढच्याच महिन्यात डावीकडून एका दांड्यावर नेली. तिने तो पाहिलाच नाही. सरळ त्यात घुसली आणि माझ्या अंगावर पडली. खुबा मोडला तो तेव्हा. नंतर डॉक्टरने तपासली तर डाव्या डोळ्याने तिला जवळजवळ दिसत नव्हतं, आणि ते जुनं होतं. घोडी त्याच्याच तबेल्यात वाढलेली. त्याला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याने माहीत असून ती माझ्या गळ्यात मारली.

तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या आईने आणि मी ठरवलं होतं की तू घोड्यावर बसायला भिऊ नयेस. पहिलं पत्र आलं तेव्हा ठिकाणावरून ओळखलं. वाटलं, बाकीची कारणं सांगून परतवता येईल.

आता त्या हृदयाच्या गोष्टीबद्दल. तू शेडआड लपलीस आणि तुझी गाडी त्याला दिसली नाही? आयुष्यभर घोडे विकलेला माणूस आहे तो. गिऱ्हाइकाचं मन कशाने विरघळतं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? मुलीला एकटीला गाठून आजाराचं विचार.

आणि तुझं ते "बाकी विशेष काही नाही". लहानपणी फुलदाणी फोडून यायचीस तेव्हाही हेच म्हणायचीस. त्याने आणखी काय सांगितलं?

मावशी


२२ डिसेंबर

ती. मावशी,

आजार खरा आहे. मुलीने सांगितलं, तिने त्याच्या औषधांचा डबाही दाखवला. त्याच्या पहाटेच्या फेऱ्यांबद्दल मी मात्र मिठाची गुळणी धरली.

घोडा तपासायला माझा डॉक्टर नेला होता. आपल्या गावाबाहेरचा, त्या घरात कुणाला न ओळखणारा. पाय, पाठ, छाती, रक्त, सगळं तपासलं. डोळे मी दोनदा तपासायला लावले. काही नाही. डॉक्टर म्हणाला, घ्या. मी अजून घेतलेला नाही.

आता ते दुसरं. लिहू नये असं वाटत होतं. पण तू विचारलंस, आणि खोटं लिहायला बसणं मला जमत नाही.

त्या पहाटे मी त्याला घोडीचं काहीच विचारलं नव्हतं. मला ती माहीतच कुठे होती? तोच म्हणाला, "राखाडी घोडी मीच दिली होती त्यांना. डाव्या डोळ्याचं मी सांगितलं होतं. उडी नेहमी उजवीकडून घ्या, डावीकडून ती बिचकते, असं सांगितलं होतं." मी म्हटलं, कुणाला? तो म्हणाला, "त्या घोडीवर बसून मैदानात होत्या. फाटकाशी त्यांचे यजमान उभे होते. त्यांना."

मावशी, तो खोटं बोलत असेल. काका समोर नाहीत, साक्षीदार नाही, इतकी वर्षं गेली. सगळं त्याच्या सोयीचं आहे हे मलाही दिसतं. पण काही विचारलेलं नसताना त्याने ते का सांगितलं असेल, याचं उत्तर मला सापडत नाही.

मी घोडा घेऊ की नको, हे आता तुला विचारायचीही भीती वाटते.

तुझी बारकी


८ जानेवारी

बारके,

उत्तराला उशीर झाला. इथे घरात जरा अबोला होता.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते उशाखाली ठेवलं. म्हातारा किती पाजी आहे यावर दिवसभर मनातल्या मनात भाषणं केली. आता म्हणे यजमानांना. मेलेल्या घोडीचं खापर जिवंत माणसावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे काका शर्टांना इस्त्री करत होते. तुला माहीत आहे ते कसे करतात, गणिताच्या मास्तरासारखी, आधी कॉलर, मग बाह्या. मी समोर बसले आणि विचारलं, "घोडीच्या डोळ्याचं तो तुम्हाला बोलला होता?"

मला वाटलं होतं, कुठली घोडी असं विचारतील. त्यांनी इस्त्री उभी केली आणि म्हणाले, "बोलला होता."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. त्याच दिवशी, परत येताना गाडीत. तू म्हणालीस, तुम्हाला घोड्यातलं काय कळतं."

बारके, मला हे आठवत नाही. ती गाडी आठवते, खिडकीची काच खाली येत नव्हती ते आठवतं, मी सगळा रस्ता बोलत होते ते आठवतं. ते काही बोलले हे आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. तुम्हाला घोड्यातलं काय कळतं, हे मी त्यांना त्या काळात उठता बसता ऐकवायची. त्या दिवशी म्हटलं होतं की दुसऱ्या कुठल्या दिवशीचं उचलून त्यांनी तिथे ठेवलंय, हे मी कसं ओळखू?

मी विचारलं, "मग इतकी वर्षं गप्प का बसलात? मी त्या माणसाला शिव्या देत होते, तुम्ही ऐकत होतात."

ते म्हणाले, "तू अंथरुणात होतीस. मी सांगितलं होतं आणि तू ऐकलं नाहीस, हे तेव्हा कोणत्या तोंडाने बोलायचं? आणि नंतर त्याच्यावर रागावून रागावून तू उठून बसायला लागलीस, चालायला लागलीस. म्हटलं, राहू दे."

मग त्यांनी दुसऱ्या शर्टाची बाही ओढली आणि इस्त्री चालू केली.

दोन दिवस आम्ही मीठ दे, पाणी दे एवढंच बोललो. मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. जेवताना, पेपर वाचताना, झाडांना पाणी घालताना. हा माणूस खोटं बोलतोय का, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला चेहऱ्यावरून कळायला हवं. नाही कळलं. ते खरं बोलत असतील तर एवढी वर्षं त्यांनी माझा मान ठेवला. खोटं बोलत असतील तर ते सांगायला विसरले, मी पांगळी झाले, आणि आज माझ्याच तोंडचं वाक्य माझ्या पदरात टाकून ते सुटले. दोन्ही गोष्टी त्यांच्या चेहऱ्यावर सारख्याच बसतात. आणि त्या म्हाताऱ्यावर मी आयुष्यभर जो राग धरला, त्याचं आता काय करायचं तेही मला कळत नाही. इतका जुना झालाय की टाकवत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बारकीचा घोडा कसा आहे?" मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. तुझं पाकीट त्यांनी टेबलावर पाहिलं असेल. किंवा उशाखाली.

घोडा घे. डॉक्टर चांगला म्हणतोय, तू चांगला म्हणतेस, आणि मी नको म्हणायला आता माझ्याकडे घोड्याबद्दल एकही कारण उरलेलं नाही. फक्त एक कर. त्या माणसाला त्या घोड्याबद्दल जे काही सांगायचं असेल ते त्याने तुला सांगावं. क्लबमधल्या तुझ्या प्रशिक्षकाला नाही, मुलीच्या मार्फत नाही, फाटकाशी उभ्या असलेल्या कुणाला नाही. तुझ्या तोंडावर सांगावं, आणि तू ऐकावंस. तू बोलत असशील तर आधी गप्प बस.

मावशी


३० जानेवारी

ती. मावशी,

घोडा घरी आला. म्हणजे आमच्या क्लबच्या तबेल्यात, शेवटून दुसऱ्या खणात. पहिल्या दिवशी चारा सगळा विस्कटला, आता खातो.

न्यायला ट्रक घेऊन गेले तेव्हा म्हातारा बाहेर आला नव्हता. मुलगी म्हणाली, बाबांना निरोप घेणं जमणार नाही, ते आतच बसलेत. मी म्हटलं, त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी घोडा नेणार नाही. ती जराशी चिडली. व्यवहार तिच्याशी झाला होता, सगळं सांगून झालं होतं, आता आणखी काय, असं तिचं म्हणणं. मी आत गेले. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता.

मी म्हटलं, "याच्याबद्दल मला सांगायचं राहिलंय असं काही आहे का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मावशीने विचारायला सांगितलं?"

"हो."

तो उठला. मुलीचा हात बाजूला करून स्वतः पायऱ्या उतरला, ट्रकपाशी आला आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवून बोलायला लागला. "मागून दुसऱ्या घोड्याच्या टापा आल्या की हा कुणाचं ऐकत नाही. त्याला शर्यत वाटते. एकटा असेल तर लहान मुलाने धरावा. पण मोकळ्या मैदानात, मागे घोडे पळत असताना, याच्यावर उडी घ्यायची नाही. कधीच नाही. सुटला तर लगाम ओढू नका, ओढलात तर जास्त पळेल. गोल वळवा."

मुलगी पुढे आली. "बाबा, हे तुम्ही मलाही सांगितलं नाहीत."

"तू कुठे बसणार होतीस," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "काय सांगितलं मी?"

मी सांगितलं.

"वळवायचं कसं?"

"गोल."

"सगळं पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं, सुरुवातीपासून. त्याने ट्रकच्या ड्रायव्हरला विचारलं, "तुम्ही ऐकलंत ना, मी यांना काय सांगितलं ते?" ड्रायव्हर गोंधळून हो म्हणाला. मुलीलाही विचारलं. ती म्हणाली, "बाबा, पुरे आता." पण तो तिचं हो ऐकेपर्यंत हलला नाही.

मावशी, यावरून तेव्हा काय झालं होतं ते काहीच सिद्ध होत नाही, हे तू लिहिशीलच. मीही तेच म्हणते. ज्याने तेव्हा सांगितलं होतं तो माणूस असा वागेल आणि ज्याने सांगितलं नव्हतं तोही असाच वागेल. आणि मी विचारलं नसतं तर तो खाली आला असता का, हेही मला माहीत नाही. डॉक्टरला हे दिसलं नव्हतं. हे कुठल्याच पायात किंवा डोळ्यात दिसणार नव्हतं.

घोडा ट्रकमध्ये चढला. म्हातारा शेजारून चालायला लागला, एक हात ट्रकच्या फळीवर ठेवून, फाटकापर्यंत. ड्रायव्हरने त्याच्या चालीने गाडी नेली. फाटकाशी त्याचा हात सुटला. मी ट्रकच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्याने विचारायच्या आत मोठ्याने म्हणून दाखवलं, टापांचं, मैदानाचं, गोल वळवायचं, सगळं. तो ऐकत उभा राहिला, आणि शेवटचा शब्द संपल्यावरच त्याने मान डोलावली.

तुझी बारकी